सोलापूरच्या दगडात म्हणे समुद्री शंख!

सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. जाळीदार, काटेरी गोळ्याचा देखणा फोटो आणि खाली मजकूर: ‘आपल्या विहिरीच्या दगडात सापडणारे सूक्ष्म शंख. इथे समुद्र होता! शास्त्रज्ञांनी नुसत्या आकारावरून हजारो नावं ठेवलीत, खरं तर सगळे एकच.’

फोटो खरा आहे, रेडिओलारिया या समुद्रातल्या सूक्ष्म जीवाच्या सांगाड्याचा. मजकुराचं मात्र अवघड आहे.

‘विहिरीच्या दगडात.’ आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला, हजार अंशांहून तापलेला लाव्हा. 1993च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं, तेव्हा असा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे 338 मीटर जाडीचा लागला. मग लोकांना दिसतं काय? मांजऱ्या, म्हणजे बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला बेसाल्ट, फोडला की पोकळीत एका बिंदूतून फुटलेल्या पांढऱ्या सुया दिसतात. ते झिओलाइट, वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पाझरत्या पाण्यातून वाढलेलं खनिज. ते नुसत्या डोळ्यांना दिसतं. रेडिओलारिया बहुतेक 0.1 ते 0.2 मिलिमीटरचे, ज्वारीच्या दाण्यावर वीसेक ओळीनं बसतील. त्यांचे जीवाश्म पाहायचे तर अंदमान किंवा लडाख गाठा.

‘शंख.’ नाही. शंख हे गोगलगायीच्या जातीतल्या प्राण्याचं चुन्याचं घर. रेडिओलारिया एकपेशीय, आणि त्याचा सांगाडा पेशीच्या आत, ओपलसारख्या सिलिकाचा. चुनखडीतून ते सोडवायला व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल वापरतात: चुना विरघळतो, सांगाडे उरतात. शंख असते तर तेही विरघळले असते.

‘सगळे एकच.’ इथे मेसेजवाल्याच्या हाती अर्धा मुद्दा लागलाय. चॅलेंजर या समुद्र-संशोधन मोहिमेच्या नमुन्यांवरून जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलनं 1887 मध्ये साडेतीन हजारांवर नव्या प्रजाती मांडल्या. त्यातल्या कित्येक पुढे एकमेकींत विलीन झाल्या. पण जीवाश्मात मऊ पेशी उरत नाही, सांगाडाच बोलतो, आणि तो बाहेरून बघून भागत नाही. रेडिओलारियाच्या स्पुमेलारिया या गटात गोल जाळ्या एकात एक बसलेल्या असतात. किती, हे मोजावं लागतं. दुसरा गट नॅसेलारिया, शंकूसारखे, टोकापासून कप्प्याकप्प्यांनी वाढणारे. दोन्हींत सर्वांत आतल्या काड्यांची मांडणी निर्णायक ठरते. फिओडारिया दिसायला भाऊबंद, पण जनुकांच्या अभ्यासात दूरचे निघाले आणि गटाबाहेर गेले. अकँथारिया या आणखी एका गटाचा सांगाडा स्ट्रॉन्शियम सल्फेटचा. मेल्यावर समुद्रातच विरघळतो, म्हणून जीवाश्मांत त्यांचा पत्ताच नाही.

कोणती प्रजाती कुठल्या थरात उगवते आणि कुठे संपते, यावरून भूवैज्ञानिक थरांचं वय लावतात. सगळे एकच असते तर 50 कोटी वर्षांपूर्वीचा कँब्रियन थर आणि समुद्रतळावरचा कालचा गाळ त्यांच्यावरून वेगळे सांगताच आले नसते.