“गोळ्या बंद करा” म्हणणाऱ्या मेसेजला एका मेडिकलवाल्याचं उत्तर

नाशिकच्या गोल्फ क्लबवर सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: कोलेस्टेरॉल हा औषध कंपन्यांनी उभा केलेला बागुलबुवा आहे, अमेरिकेने २०१५ मध्येच तो मोडीत काढला, स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या) गोळ्यांनी डायबेटिस होतो, मेटफॉर्मिनने (डायबेटिसच्या गोळीने) किडनी जाते, तेव्हा गोळ्या थांबवा, साजूक तूप कितीही खा, साखरेऐवजी गूळ, आपल्या नाशिकची काळी द्राक्षं आणि मेथीचं पाणी सुरू करा, २१ दिवसांत शुगर रिव्हर्स. खाली ‘जनहितार्थ’. माझं सिडकोत मेडिकल आहे. हल्ली काउंटरवर “बीपीची द्या, कोलेस्टेरॉलची राहू द्या” असं बरेच जण सांगतात. कारण विचारलं की मोबाइल पुढे येतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“अमेरिकेने कोलेस्टेरॉल निर्दोष ठरवलं.” २०१५ ची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. तिथल्या आहार-सूचनांमध्ये खाण्यातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको, असा आकडा होता, तो नव्या सूचनांत काढला. रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल लिव्हरच तयार करतं, खाण्यातून येणाऱ्याचा वाटा त्या मानाने लहान. म्हणजे सूट मिळाली ती अंड्याच्या बलकाला, रक्तातल्या एलडीएलला, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलला नाही. त्याच सूचनांत सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यात जास्त असते ती चरबी) एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, हे कायम आहे. मेसेजवाल्याने तेवढं सोयीस्करपणे गाळलं.

एलडीएल खरंच घातक की कंपन्यांनी रंगवलेलं? ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन संशोधकांना १९८५ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. काही मुलांच्या पेशी जन्मतःच रक्तातलं एलडीएल उचलू शकत नाहीत. आई आणि वडील दोघांकडून हा दोष आला, तर उपचारांशिवाय शाळेच्या वयातही हार्ट अटॅक येऊ शकतो. त्या पोराने ना बिडी ओढलेली असते, ना पन्नास वर्षं वडे खाल्लेले असतात. “आम्ही शुद्ध शाकाहारी, आमचं कसं वाढेल?” असं विचारणाऱ्यांनाही माझं उत्तर हेच: लिव्हर तुमचंही आहे, आणि आजोबा-पणजोबांकडून काय आलंय ते ताटाला ठाऊक नसतं.

आता स्टॅटिन. त्याने शुगर किंचित वाढते, हे मेसेजने बरोबर लिहिलंय. किती, ते लिहिलेलं नाही. २०१० मध्ये अनेक चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून काढलेला हिशेब असा: २५५ जणांनी ४ वर्षं गोळी घेतली, तर डायबेटिसचा एक रुग्ण जास्त दिसतो. तोही सहसा आधीच काठावर उभा असलेला. उलट बाजूला, हृदयविकार आधीच असलेल्यांत ही गोळी काय करते, ते १९९४ च्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत दिसलं. ४,४४४ हृदयरुग्ण होते. गोळी घेणाऱ्या गटात मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी भरला. सौदा कुठल्या बाजूने झुकतो, ते मी वेगळं सांगायला नको. अंगदुखीची तक्रार मात्र हसण्यावारी नेऊ नये. स्नायू खूप दुखत असतील किंवा लघवी गडद होत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. बाकी दुखण्यासाठी डोस किंवा गोळी बदलता येते.

मेटफॉर्मिनने किडनी जाते, हे तर साफ उलटं. ही गोळी किडनीवाटे बाहेर पडते. त्यामुळे किडनी आधीच कमजोर झाली असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, आणि ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की बंद करतात. लोक काय बघतात? काकांची किडनी बिघडली आणि गोळी बंद झाली. मग चोर कोण, तर गोळी! किडनी पोखरते ती वर्षानुवर्षं चढी राहिलेली शुगर आणि बीपी. मेटफॉर्मिनचा खरा दोष मेसेजमध्ये नाहीच. बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येत असतील तर ती तपासणी करून घ्या.

खाण्याच्या सल्ल्यांपाशी जरा थांबतो, कारण खरा घोळ तिथे आहे. गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. लोह थोडं असेल, पण शुगर चढवण्यात तो साखरेच्या मागे नाही. तूप वरण-भातावर चमचाभर घ्या, माझी हरकत नाही. पण त्यात निम्म्याहून जास्त सॅच्युरेटेड फॅट असतं, तेव्हा “कितीही” हा शब्द खोडा. द्राक्षांवर नाशिककर म्हणून माझाही जीव आहे. तरी १०० ग्रॅममध्ये साधारण १६ ग्रॅम साखर असते, काळी असोत की हिरवी. सीझनमध्ये दिंडोरीहून पाहुणे पेटी आणतात आणि टीव्हीसमोर पाव किलो कधी संपतात कळत नाही. ती झाली ८ चमचे साखर. १५-१६ मणी खा, चावून खा, रस काढू नका.

मिसळीचं काय, हे मला रोज विचारतात. मिसळीतली मटकी उत्तमच, फायबर आणि प्रोटीन दोन्ही आहे. गोंधळ घालतो तो वर तरंगणारा तेलाचा तवंग, मूठभर शेव, तळलेला पापड, दुसऱ्यांदा मागवलेले पाव आणि शेवटची जिलेबी. मटकी जास्त मागा, तर्री वेगळ्या वाटीत घ्या, एकच पाव, कांदा-लिंबू हवं तेवढं. हे मी स्वतः करतो आणि मित्र हसतात. नागलीचंही (नाचणीचंही) तसंच. सुरगाणा-पेठची नागली आता शहरात कौतुकाने येतेय, छान आहे, पण चार भाकरी खाल्ल्या तर शुगर चढणारच. निम्मं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ, उरलेल्यात भात किंवा भाकरी, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

मेथीने शुगर थोडी उतरते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय. पण काही गोळ्या शुगर गरजेपेक्षा खालीही नेतात. आमचे एक गिऱ्हाईक काका ग्लिमेपिराइड ही अशीच एक गोळी घेऊन, नाश्त्याऐवजी नुसतं मेथीचं पाणी पिऊन फिरायला गेले. परतताना माझ्या काउंटरला धरून उभे, शर्ट घामाने चिंब, बोलणं अडखळतंय. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी बोलायला लागले. माणूस बेशुद्ध असता तर तोंडात काही घालताही आलं नसतं, सरळ दवाखानाच गाठावा लागला असता.

राहिला ‘२१ दिवसांत रिव्हर्स’. डायबेटिस मागे हटू शकतो, हे खोटं नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत वजन उतरवण्याचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभरानंतर गोळीशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. पण त्यांचा डायबेटिस ६ वर्षांच्या आतला होता, इन्सुलिन चालू नव्हतं, तीन ते पाच महिने दिवसाला ८५० कॅलरीच्या आसपास आहार होता, आणि गोळ्या थांबवल्या त्या डॉक्टरांच्या देखरेखीत. तेव्हा ज्यांना गोळी कमी करायचीय त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारावं, वजन आणि एचबीए१सी या शुगरच्या रक्ततपासणीचा आकडा पुढे ठेवून. गोळी थांबल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिला, तर डॉक्टर त्याला रेमिशन म्हणतात. ही तपासणीच मुळात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. त्यामुळे २१ दिवसांचा चमत्कार मेसेजवाल्याने कशावर मोजला, ते त्यालाच विचारायला हवं.