रू यांची सुई आणि वेळासची कासवं

कासवांची पिल्लं समुद्राकडे निघण्याच्या दिवसांत दापोली-मंडणगडकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: गर्भातली पेशी पुढे काय होणार नि केवढी होणार, हे तिच्या डीएनएत लिहिलेलंच असतं. शेजारच्या पेशींचा संबंध नाही. जर्मनीचे गर्भशास्त्रज्ञ रू यांनी १८८८ मध्ये हे सिद्ध केलं. कासव नर की मादी, तेही अंडं घालतानाच ठरतं.

डीएनए तर गर्भातल्या सगळ्या पेशींत सारखाच असतो. मग त्याच मजकुरातून एकीचं आतडं आणि दुसरीचा स्नायू कसा होतो, हे फॉरवर्ड सांगत नाही.

आता रू. त्यांनी बेडकाच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली, उरलेलीतून अर्धाच गर्भ वाढला. इथवर खरं. पण मेलेली पेशी तिथेच चिकटून होती! १९१० मध्ये मॅक्लेंडन यांनी बेडकाच्याच गर्भातली एक पेशी पूर्ण काढून टाकली, तेव्हा राहिलेलीतून अख्खा गर्भ झाला. त्याआधीच ड्रीश यांनी सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या पहिल्या दोन पेशी हलवून सुट्या केल्या होत्या. प्रत्येकीतून लहान, पण पूर्ण अळी निघाली. फॉरवर्डचा साक्षीदार असा विरुद्ध पक्षाला जाऊन मिळतो. शेजारीण मेलेली असली तरी तिच्या तिथे असण्याने फरक पडतो, हेच तर आमचं म्हणणं.

निरोप कसा जातो, हे मिलिमीटरभर लांबीच्या एलेगन्स कृमीत स्वच्छ दिसतं. त्याचा गर्भ चार पेशींचा असताना पी-२ ही पेशी शेजारच्या ईएमएस या पेशीला विंट नावाच्या प्रथिनाद्वारे इशारा देते. मग ईएमएस विभागली की पी-२ च्या बाजूची लेक आतडं बनवते. गोल्डस्टीन यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पी-२ वेळेआधी बाजूला केली, तर आतडं झालंच नाही. ती ईएमएसच्या दुसऱ्या अंगाला लावली, तर आतडं त्या अंगाच्या लेकीतून आलं.

‘केवढी’चा मुद्दाही टिकत नाही. १९४० च्या दशकात फँकहाउझर यांनी जादा गुणसूत्रसंच असलेले न्यूट (सरड्यासारखे दिसणारे उभयचर) तपासले. पेशी मोठ्या झाल्या होत्या, प्राणी नेहमीएवढाच, कारण पेशींची संख्या घटली होती. मूत्रपिंडाच्या नळीभोवती एरवी कितीतरी पेशी लागतात; इथे काही ठिकाणी एकच पेशी वाकून नळी पुरी करत होती. एकेक पेशी आपापला आकडा पाळत असती तर असं जमलं नसतं.

फॉरवर्डमध्ये तथ्य अजिबात नाही असं मात्र नाही. बंदरातल्या खांबांना, होड्यांच्या बुडाला चिकटतात त्या ॲसिडियन प्राण्यांच्या अळीत शेपटीचे बरेचसे स्नायू अंड्यातल्या विशिष्ट द्रव्यामुळेच ठरतात. त्याच शेपटीतल्या पृष्ठरज्जूला, म्हणजे शेपटीला आधार देणाऱ्या दांडीला, मात्र शेजारच्या पेशींकडून एफजीएफ या प्रथिनाचा इशारा लागतो.

आणि कासवं. मंडणगडजवळच्या वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत नर-मादी ठरतं ते वाळूच्या उष्णतेवर, उबवणीच्या साधारण मधल्या तिसऱ्या भागात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त. संरक्षणासाठी घरटं हलवताना खड्डा तेवढाच खोल ठेवतात, त्यात हाही हिशेब येतो. उष्णतेने आधी जननग्रंथीच्या आधारपेशींचं ठरतं. पुढे शुक्रजंतू व्हायचं की अंडं, हे जननपेशींना त्या आधारपेशींकडूनच कळतं.