रोज शंभर रुपये आणि साडेचार कोटी: विद्यार्थ्यांमध्ये फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: वयाच्या अठराव्या वर्षापासून इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतले खाणे सोडून रोज १०० रुपये, म्हणजे महिन्याला ३,००० रुपये, म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत (दरमहा ठरावीक रक्कम गुंतवण्याच्या पद्धतीत) टाका; १२ टक्के परतावा धरला तर साठाव्या वर्षी साडेचार कोटी मिळतील; कॉलेजची चार वर्षे हुकली तर ते नुकसान कधीच भरून निघणार नाही; बँकेत पैसे ठेवणे म्हणजे ते कुजवणे; शैक्षणिक कर्ज असले तरी एसआयपी चालूच ठेवा; आणि पैशांची अडचण आलीच तर गुंतवणूक न मोडता ॲपवरून छोटे कर्ज घ्या. बचतीची सवय लवकर लागावी या हेतूशी कोणाचेच भांडण नाही. मी वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवते आणि हा संदेश खरा मानून वागणारी मुले रोज पाहते, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला गरजेचे वाटते.

साडेचार कोटींचा आकडा गणिताने बरोबर आहे. मात्र तो बेचाळीस वर्षे सलग १२ टक्के मिळतील या गृहीतकावर उभा आहे आणि अशी हमी कोणताही म्युच्युअल फंड देत नाही. परतावा १० टक्के धरला तर तीच रक्कम सुमारे २ कोटी ३४ लाखांवर येते, म्हणजे जवळजवळ निम्मी होते. त्यातच महागाई दरवर्षी ६ टक्के राहिली, तर बेचाळीस वर्षांनंतरच्या साडेचार कोटींना आजच्या सुमारे ३९ लाखांइतकीच किंमत उरेल. ३९ लाख ही लहान रक्कम नव्हे. पण संदेशात ती दिली असती तर तो इतका फिरला नसता.

‘चार वर्षांचे नुकसान कधीच भरून निघत नाही’ हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण ज्याच्या घरून जेमतेम पैसे येतात त्या मुलाच्या मनात तो अपराधभाव निर्माण करतो. संदेशाचाच १२ टक्के दर घेऊन हिशेब करून पाहा. अठराव्या वर्षापासून महिना ३,००० रुपये भरणाऱ्याचे साठाव्या वर्षी सुमारे ४ कोटी ५३ लाख होतात. आणि कॉलेजात एक रुपयाही न गुंतवता बाविसाव्या वर्षी, पहिल्या पगारापासून, महिना ५,००० रुपये भरणाऱ्याचे सुमारे ४ कोटी ६७ लाख होतात. भरून न निघणारे नुकसान म्हणतात ते महिना दोन हजार रुपये जास्त भरले की भरून निघते, आणि ते दोन हजार जास्त भरण्याची ऐपत यावी म्हणूनच तर माणूस ती चार वर्षे शिकत असतो.

हे ३,००० रुपये येतात कुठून, हेही पाहिले पाहिजे. बुऱ्हाणपूरहून शिकायला आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला घरून महिन्याला ९,००० रुपये येतात. त्यातले ४,००० खोलीच्या भाड्याला आणि ३,००० दोन वेळच्या टिफिनला गेल्यावर बस, मोबाइलचे रिचार्ज, झेरॉक्स आणि परीक्षांचे फॉर्म यांना मिळून २,००० उरतात. छप्पन दुकान त्याच्या हिशेबात कुठेच नव्हते. एसआयपी सुरू करताना त्याने संध्याकाळचा टिफिन बंद केला आणि तो पोह्यांवर भागवू लागला. वडिलांनी मुलाच्या जेवणासाठी पाठवलेला पैसा फंडात वळवला, तर त्याला बचत म्हणता येत नाही. जो विद्यार्थी शिकवण्या घेऊन स्वतः कमावतो आणि ज्याचा महिन्याचा खर्च भागून काही उरते, त्याने ५०० रुपयांची एसआयपी जरूर करावी. त्याला माझा विरोध नाही.

बँकेत पैसे कुजतात, या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. बचत खात्यावरचे व्याज महागाईपेक्षा कमी असते, हे खरे आहे. परंतु सहा महिन्यांत लागणाऱ्या पैशाकडून परताव्याची अपेक्षाच नसते, तो हवा तेव्हा आणि पूर्ण मिळावा एवढेच पाहायचे असते. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्या ठेवींसह, ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. याउलट शेअर बाजारात २००८ सारखे वर्षही येते. त्या एका वर्षात सेन्सेक्स हा बाजाराचा निर्देशांक निम्म्याहून अधिक खाली आला होता. पुढच्या सत्राची फी अशा वर्षी बाजारात असेल, तर विद्यार्थ्याला बाजार सावरेपर्यंत थांबता येत नाही.

शैक्षणिक कर्ज असताना एसआयपी चालू ठेवा, हा सल्ला देणारा कर्जाचे नियम वाचतच नाही. शिकत असताना हप्ता नसला तरी बहुतेक कर्जांवर साधे व्याज साचत राहते आणि पुढे ते मुद्दलात मिळवले जाते. हे व्याज शिकत असतानाच भरले, तर अनेक बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. कर्जाचा दर १० टक्के असेल, तर आधीच भरलेले व्याज मुद्दलात मिळवले जात नाही आणि त्यावर पुढे लागणारे १० टक्के व्याज नक्की वाचते. फंडाचे १२ टक्के मात्र अंदाजाचे असतात. व्याज भरण्याआधी आपण व्याज-सवलतीला पात्र आहोत का, हे बँकेत विचारावे: नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांमधल्या, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज-सवलत आहे.

आता ॲपवरच्या छोट्या कर्जाबद्दल. समजा ५,००० रुपये मागितले, प्रक्रिया शुल्क म्हणून ५०० कापून ४,५०० खात्यात आले आणि तीस दिवसांनी ५,१५० परत करायचे आहेत. म्हणजे ४,५०० रुपयांच्या वापरापोटी एका महिन्यात ६५० रुपये गेले. हा दर महिन्याला १४ टक्क्यांहून अधिक आणि वर्षाला १७० टक्क्यांच्या वर पडतो. १२ टक्क्यांची गुंतवणूक मोडू नये म्हणून १७० टक्क्यांचे कर्ज घ्यायला सांगणाऱ्याने हिशेब केलेलाच नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाबाबतच्या नियमांनुसार कर्जाचा सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर आधी लेखी सांगणे बंधनकारक आहे आणि ॲपला मोबाइलमधली संपर्कयादी उघडता येत नाही. जे ॲप ही यादी मागते, ते तिथेच काढून टाकावे.

भंवरकुआँवर बँकांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांनी तर अधिकच सावध राहिले पाहिजे. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी बुडवल्याची नोंद असलेला उमेदवार नेमणुकीस पात्र नाही, अशी अट स्टेट बँकेच्या भरतीच्या जाहिरातीतच असते. परीक्षेच्या फॉर्मसाठी उचललेले पाच हजार थकले, तर त्याच परीक्षेतून मिळालेली नोकरी अडू शकते. ज्यांनी असे कर्ज आधीच घेतले आहे त्यांनी एसआयपी मोडून ते आधी फेडावे, कर्ज देणाऱ्याकडून थकबाकी नसल्याचे पत्र लेखी घ्यावे, आणि प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून (लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडून) वर्षातून एकदा मोफत मिळणारा अहवाल मागवून त्यात ते खाते बंद दिसते आहे का, हे स्वतः पाहावे.