शिस्त रक्तात नाही, डब्याच्या आकारात आहे

जर्मनीत आलेला पाहुणा चार दिवसांत एकदा तरी अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेकडे बघून म्हणतोच, "काही म्हणा, शिस्त यांच्या रक्तातच आहे." पूर्वी मी नुसती हसायचे, आता वाद घालते. रक्ताबिक्ताचा काही संबंध नाही. हा सगळा हिशेबाचा खेळ आहे आणि तो एकदा कळला की नियम पाठ करावे लागत नाहीत.

काळा डबा, म्हणजे उरलासुरला कचरा, याचे पैसे आपण भरतो. डबा जेवढा मोठा आणि जितक्या वेळा उचलायचा, तेवढं शुल्क जास्त. घरमालक ते भरतो आणि वर्षाअखेरीस नेबेनकोस्टेनच्या, म्हणजे भाड्यावरच्या इतर खर्चांच्या, हिशेबात भाडेकरूंकडून वसूल करतो. पिवळा डबा वेष्टनांचा, त्याचं वेगळं शुल्क मात्र नाही. १९९१च्या पॅकेजिंग कायद्यापासून वेष्टनांची विल्हेवाट लावायचा खर्च ती बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर टाकला आहे. अर्थात कंपन्या तो वस्तूच्या किमतीतच धरतात, म्हणजे आपण तो दुकानातच देऊन टाकलेला असतो. मग कोण शहाणा वेष्टनं काळ्या डब्यात टाकून तो भरून ठेवेल?

नव्या माणसाला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्नही इथेच सुटतो. शाम्पूची बाटली पिवळ्या डब्यात चालते, मग फुटकी बादली का नाही? दोन्ही प्लॅस्टिकच की! कारण बाटली हे वेष्टन आहे आणि तिच्या विल्हेवाटीचे पैसे कुणीतरी आधीच भरलेत. बादलीचे कुणी भरलेले नाहीत. बादली कशाची बनली आहे हे इथे कुणी विचारतच नाही. पण म्हणून बर्लिनच्या मैत्रिणीला "तू चुकतेस" असं सांगायला जाऊ नका. तिथे वेष्टनं आणि इतर प्लॅस्टिक-धातूच्या वस्तू एकाच डब्यात चालतात, त्यामुळे बादलीही चालते. नियम गावागणिक बदलतात, डब्यांचे रंगसुद्धा बदलतात. म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे तक्ते सोडा आणि आपल्या नगरपालिकेचं पत्रक आणि कचरा उचलायच्या तारखांचं कॅलेंडर मिळवा.

आता दह्याचा कप. आपली मंडळी तो गरम पाण्याने, साबण लावून घासतात. काही गरज नाही, चमच्याने निपटून घेतला की पुरे. न चुकता करायचं काम वेगळंच आहे. वरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण पूर्ण ओढून काढा. बाहेरून पुठ्ठ्याची पट्टी असेल तर ती सोडवून कागदाच्या डब्यात टाका. आणि जागा वाचवायला कपात कप घालू नका. पुढे वर्गीकरणाच्या कारखान्यात पट्ट्यावरून धावणाऱ्या या वस्तू अवरक्त किरणांनी ओळखल्या जातात. झाकण चिकटलेलं असलं की यंत्र एक तर कप ओळखतं नाहीतर झाकण, आणि दुसरं चुकीच्या ढिगात जातं. काजळीने काळ्या केलेल्या प्लॅस्टिकच्या ट्रेवरून तर किरण परतच येत नाहीत, म्हणजे यंत्राच्या लेखी तो ट्रे नसतोच. तो आपण कितीही मनोभावे धुतला तरी.

बाटल्यांचंही तसंच. एकदा वापरायच्या पेयांच्या बाटल्या आणि कॅनवर २००३ पासून फांड, म्हणजे रिकामी बाटली परत केली की परत मिळणारी अनामत आहे, आता २५ सेंट. रसाच्या प्लॅस्टिक बाटल्यांवर तो २०२२ला आला, दुधाच्या बाटल्यांवर २०२४ला. रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन मशीनपुढे रांगेत उभा असलेला माणूस पर्यावरणप्रेमी असेलही, पण हातात पावती येते म्हणून तो नक्की येतो. ज्यांना तेवढा वेळ नाही ते बाटली रस्त्यावरच्या कचरापेटीत न टाकता पेटीशेजारी उभी करून जातात. बाटल्या गोळा करून महिना भागवणाऱ्या, बऱ्याचदा म्हाताऱ्या, माणसांना घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. इथली ही एक सवय मला मनापासून आवडते, आणि तिचा एवढ्या श्रीमंत देशातल्या म्हातारपणाबद्दल जो अर्थ निघतो तो अजिबात आवडत नाही.

जिथे पैशाचा धागा तुटतो तिथे शिस्तही तुटते, हे बघायचं असेल तर काचेच्या सार्वजनिक टाक्यांपाशी जा. पांढरी, तपकिरी, हिरवी अशा तीन टाक्या (निळी काच हिरवीत), रात्री आणि रविवारी टाकायची नाही अशी पाटी, आणि पाटीखालीच कुणाचे तरी जुने बूट, तुटका दिवा, पुठ्ठ्यांचा ढीग. गुन्हेगार अज्ञात, बिल कुणालाच नाही.

इमारतीत मात्र बिल येतं. डब्यात भलतंच काही सापडलं की उचलणारे त्यावर स्टिकर लावून तो तसाच सोडून जातात. मग तो जादा पैसे देऊन काळा कचरा म्हणून न्यावा लागतो आणि ते पैसे सगळ्या घरांत वाटले जातात. तळमजल्यावरच्या आजी झाकण उघडून आत का डोकावतात ते यातून कळतं. पण संशय पहिल्यांदा कुणावर जातो? आमच्या जुन्या इमारतीत असंच झालं तेव्हा जिन्यात डब्याच्या फोटोसकट सूचना लागली होती. इंग्रजी, तुर्की आणि अरबीत. जर्मनमध्ये नव्हती. मी खाली पेनने लिहिलं, "कृपया जर्मन भाषांतरही लावावे." दोन दिवसांत ते लागलं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही.

आणि हो, हे सगळं काटेकोर पाळूनही पिवळ्या डब्यातलं सगळं काही नवं होऊन परत येत नाही. छाननीत जे उरतं त्यातलं बरंच जाळून वीज आणि उष्णता काढतात. काळ्या डब्यातलं तर २००५ पासून प्रक्रियेशिवाय जमिनीत पुरताच येत नाही, त्यातलंही बरंचसं भट्टीतच जातं. "शेवटी जाळतातच ना, मग कशाला वेगळं करायचं?" असं म्हणणारे मराठी मित्रही आहेत आणि जर्मन मित्रही. त्यांना माझं एकच उत्तर असतं. काच, कागद आणि फांडच्या बाटल्या यांचं खरंच नवं काहीतरी होतं, तेवढं तरी नीट करा. दह्याच्या कपावरून भांडायला मी आहेच.