कप नाही, पण सीईओ नवा

टोरंटो मेपल लीफ्स या कॅनडातल्या आइस हॉकी संघाचा पाठीराखा व्हायचं असेल तर आधी कंपनीचा ताळेबंद वाचायला शिकावं. बर्फावरची हॉकी मागाहून शिकली तरी चालते. (खडकीचे नातेवाईक "म्हणजे आपल्या धनराज पिल्लेची ना?" असं विचारतात. त्यांना नाही म्हणून सांगावं आणि विषय बदलावा. बुटांखाली पातं, मैदानाऐवजी बर्फ आणि चेंडूऐवजी रबराची चकती, एवढं ऐकल्यावर त्यांना आपल्या प्रकृतीची काळजी वाटू लागते.)

लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप (एनएचएल या आइस हॉकी लीगचा विजेता चषक) जिंकला १९६७ साली. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते, आता बत्तीस आहेत. त्यानंतर कप आला नाही, पण मालक, अध्यक्ष, सीईओ, जनरल मॅनेजर आणि प्रशिक्षक यांची आवक कधी थांबली नाही. त्यामुळे आम्हा चाहत्यांचा खरा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल नसतोच. ते ऐंशीहून जास्त सामने म्हणजे प्रस्तावना. खरा हंगाम सुरू होतो मे महिन्यात, प्लेऑफमधून, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतून, गाशा गुंडाळल्यानंतर, आणि तो कंपनीच्या पत्रकांवर खेळला जातो.

याचं वेळापत्रक बऱ्यापैकी पक्कं आहे. २०२३ मध्ये संघ हरल्यापासून एका आठवड्यात जनरल मॅनेजर काइल डुबस गेले. २०२४ मध्ये पाच दिवसांत प्रशिक्षक शेल्डन कीफ गेले. २०२५ मध्ये १८ मेच्या रविवारी फ्लोरिडाविरुद्धच्या सात सामन्यांच्या फेरीतला सातवा, निर्णायक सामना आम्ही घरच्या बर्फावर ६-१ असा हरलो आणि गुरुवारी, २२ मेला, संघाचे अध्यक्ष ब्रेंडन शॅनहन यांच्या निरोपाचं पत्रक आलं. तेव्हा दाताच्या डॉक्टरची वेळ, गाडीचे उन्हाळी टायर वगैरे कामं सातव्या सामन्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत उरकून घ्यावीत. चौथ्या दिवसापासून माणूस कामाचा राहत नाही.

पत्रक आलं की आधी गेलेल्या माणसाचं नाव वाचू नये, क्रियापद वाचावं. कीफ यांच्या वेळी कामावरून काढल्याचं सरळ सांगितलं होतं. शॅनहन यांच्या वेळी करार पुढे वाढवत नसल्याचं सांगितलं. पहिल्या प्रकारात संतापायचं, कारण निर्णय कुणीतरी घेतलाय आणि तो कुणी घेतला हे शोधता येतं. दुसऱ्या प्रकारात संतापाला धरायला कठडाच नसतो. करार आपोआप संपला, कॅलेंडरवर कोण चिडणार? अनुभवी चाहते अशा वेळी अकरा वर्षांचा हिशेब काढतात: शॅनहन २०१४ मध्ये आले, तेव्हापासून प्लेऑफच्या किती फेऱ्या जिंकल्या? दोन. २०२३ मध्ये टँपा बे, २०२५ मध्ये ओटावा. कप उचलायला एकाच वसंतात चार फेऱ्या, प्रत्येकीत चार, म्हणजे सोळा सामने जिंकावे लागतात. हे गणित मांडलं की डोकं शांत होतं आणि मग रीतसर तापतं.

यानंतरचं काम म्हणजे गेलेला माणूस शिडीच्या कुठल्या पायरीवर होता ते ठरवणं. नवखे चाहते इथेच घसरतात. सगळ्यात वर मालक. त्यांच्याखाली संचालक मंडळ, त्याखाली मूळ कंपनीचा, म्हणजे मेपल लीफ स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंटचा, सीईओ. तोंडात एवढं नाव मावत नाही म्हणून आम्ही एमएलएसई म्हणतो. सीईओखाली हॉकीचा अध्यक्ष, त्याखाली जनरल मॅनेजर, त्याखाली प्रशिक्षक, त्याखाली खेळाडू आणि खेळाडूच्या काठीच्या टोकाशी ती चकती: तीन इंच व्यास, एक इंच जाडी, वजन साधारण १७० ग्रॅम, उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवलेली. सीईओच्या दालनातला बदल या चकतीपर्यंत झिरपायला किती काळ लागतो, याचं उत्तर १९६७ पासून चालू असलेल्या प्रयोगातून अजून हाती यायचं आहे. शॅनहन गेल्यावर मधली पायरीच काढून टाकली, त्यांच्या जागी कुणी नेमायचं नाही असं ठरलं. चाहत्यांत लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, बरं झालं, एक अडथळा कमी झाला. दुसऱ्यांचं म्हणणं, आता पुढच्या मेमध्ये काढायला कोण उरलं? मला दुसऱ्यांची काळजी जास्त व्यवहारी वाटते.

नवा सीईओ आला की त्याची कुंडली मांडायची. कीथ पेली एप्रिल २०२४ मध्ये आले, तेव्हा बातमीत ते युरोपच्या गोल्फ टूरचे प्रमुख म्हणून आले. गोल्फवाल्याला हॉकीतलं काय कळतं, असा पहिला सूर लागला. जाणकारांनी दोन पानं मागे उलटली. हे गृहस्थ गोल्फच्या आधी रॉजर्स मीडियाचे अध्यक्ष, त्याआधी टीएसएन या क्रीडावाहिनीचे अध्यक्ष, मध्येच टोरंटो आर्गोनॉट्स या रग्बीसारख्या कॅनेडियन फुटबॉलच्या संघाचे अध्यक्ष. गणेशोत्सव मंडळात गेल्या वर्षीचे खजिनदार यंदा कार्याध्यक्ष होतात आणि अहवालात 'नव्या रक्ताला वाव' असं छापून येतं, तसला हा नवेपणा. आल्यावर लगेचच पेली म्हणाले की आम्ही जर्सी विकायला बसलेलो नाही, जिंकायला बसलो आहोत. वाक्य चांगलं आहे. फक्त ते ऐकताना अंगावर जी जर्सी होती ती नावनंबरासकट दोनशे डॉलरच्या वर पडली होती, त्यामुळे टाळी वाजवताना हात जरा जड झाला.

सीईओंच्या वाक्यांचा आमच्याकडे जुना साठा आहे. २०१३ मध्ये टिम लायविकी आले आणि विजययात्रेचा मार्ग आपण आखून ठेवलाय असं सांगते झाले. दोन वर्षांत ते स्वतःच मार्गस्थ झाले. 'मिरवणूक आखा' हा मात्र तेव्हापासून आमचा ठेवणीतला टोमणा आहे. ऑक्टोबरात सलग तीन सामने जिंकले की तो बाहेर काढतात. त्याआधी एप्रिल २०१२ मध्ये संचालक मंडळाचे अध्यक्ष लॅरी टॅननबाम यांच्या सहीनं वर्तमानपत्रांत चाहत्यांची माफी मागणारं पत्र छापलं होतं. अशा पत्राचं करायचं काय, हा प्रश्नच होता. फ्रेम करावं तर वाईट दिसतं, रद्दीत घालावं तर एवढा मोठा माणूस कधी नव्हे तो नमलाय.

मालकांचं प्रकरण मात्र सवडीनं घेण्याजोगं आहे. १९२७ मध्ये कॉन स्माइथ यांनी सेंट पॅट्स नावाचा संघ घेऊन त्याचं मेपल लीफ्स केलं, तो काळ चांगला होता म्हणतात. मग १९७२ पासून १९९० मध्ये वारेपर्यंत हॅरल्ड बॅलर्ड. ज्या वर्षी संघ पूर्णपणे त्यांच्या हाती आला त्याच वर्षी फसवणूक आणि चोरीबद्दल त्यांना शिक्षा झाली. जर्सीवर खेळाडूंची नावं सक्तीची झाली तेव्हा नावं छापलेल्या कार्यक्रमपत्रिकांचा खप पडेल म्हणून त्यांनी निळ्या जर्सीवर निळ्याच रंगात नावं टाकली. नियम पाळला आणि दिसलं कुणालाच नाही. १९७९ मध्ये त्यांनी प्रशिक्षक रॉजर नीलसन यांना काढलं आणि दोन दिवसांत परत घेतलं. परत येताना तोंडावर कागदी पिशवी चढवून या, गंमत येईल, असा त्यांचा आग्रह होता. नीलसन यांनी पिशवी नाकारली. ती परंपरा पुढे चाहत्यांनी चालवली.

बॅलर्ड यांच्यानंतर आले ओंटारियोचे, म्हणजे टोरंटो ज्या प्रांतात आहे तिथले, शिक्षक. खरोखरचे. शिक्षकांच्या निवृत्तिवेतन निधीनं १९९४ मध्ये हिस्सा घेतला आणि वाढवत नेला. संघ हरायचा, तिकिटं संपायची, निधी वाढायचा. आपल्या रडण्यावर आपल्याच गणिताच्या बाईंचं निवृत्तिवेतन पिकतंय हे कळल्यावर शिव्या देणंही अवघड झालं. संस्कार आड येतात. २०१२ मध्ये शिक्षकांनी जवळपास ८० टक्के हिस्सा १३२ कोटी डॉलरला विकला आणि गणिताच्या बाईंना गणित येतं हे सिद्ध झालं.

घेतला कुणी? बेल आणि रॉजर्स यांनी मिळून. या देशातल्या फोन-इंटरनेटच्या दोन हाडवैरी कंपन्या, प्रत्येकी साडेसदतीस टक्के, आणि उरलेले पंचवीस टॅननबाम यांचे. सामनेही वाटून घेतलेले: काही बेलच्या टीएसएनवर, काही रॉजर्सच्या स्पोर्ट्सनेटवर. सप्टेंबर २०२४ मध्ये बेलनं आपला हिस्सा रॉजर्सला ४७० कोटी डॉलरला द्यायचं ठरवलं आणि १ जुलै २०२५ रोजी व्यवहार पुरा झाला. ही तारीख ज्यानं काढली त्याला सलाम. त्या दिवशी कॅनडाचा राष्ट्रीय दिन असतो, त्याच दिवशी हॉकीत करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंचा बाजार उघडतो आणि त्याच सुमारास आमचा बिनीचा खेळाडू मिच मार्नर लास वेगसला गेला. मालक बदलल्याचं दुःख करायला शब्दशः कुणाला वेळ मिळाला नाही.

रॉजर्स हे घराणं आहे, आणि आमच्यासारख्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. २०२१ मध्ये चिरंजीव एडवर्ड एका बाजूला, आई आणि बहिणी दुसऱ्या बाजूला, मध्ये संचालक मंडळ, आणि शेवटी ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायालयात निकाल एडवर्ड यांच्या बाजूनं. इंग्रजी सहकारी या प्रकरणाचं वर्णन करताना तासभर घेतात. मराठी माणूस 'भाऊबंदकी' म्हणतो आणि चहा ओततो.

आता निषेध. सीईओ बदलल्याचा निषेध करण्यात मोठी अडचण ही की सीईओच्या नावाची जर्सी मिळत नाही. खेळाडू गेला तर उसवायला काहीतरी असतं. नाव वेगळ्या पट्टीवर शिवलेलं असेल तर उलट्या बाजूनं दर तिसरा टाका तोडत जावं, पट्टी अख्खी निघते. अक्षरं उष्णतेनं चिकटवलेली असतील तर हात लावू नये. अक्षर निघतं, पण जाळीच्या कापडावर डिंकाची सावली राहते आणि बाकीचा निळा फिका पडलेला असल्यानं 'मार्नर' आधीपेक्षा ठसठशीत वाचता येतं. जर्सी बर्फावर फेकणं हा दुसरा मार्ग, २०२५ च्या सातव्या सामन्यात काहींनी तो घेतला. त्यात एकदाच निषेध होतो आणि पुढच्या ऑक्टोबरात नवी जर्सी घ्यावी लागते, म्हणजे निषेधाचा पैसा फिरून कंपनीकडेच. खाद्यपदार्थ फेकू नयेत. डिसेंबर २०१० मध्ये इथे वॉफल फेकण्याची साथ आली होती. एकावर गुन्हा दाखल झाला, आणि एवढं होऊन तो खाद्यपदार्थ वायाच गेला.

राहिली डोक्यावर चढवायची कागदी पिशवी. डोळ्यांची भोकं पिशवी डोक्यावर असताना नव्हे, आधी खूण करून टेबलावर कापावीत. नाकाखाली एक चीर द्यावी, नाहीतर चष्म्यावर वाफ धरते आणि दुसऱ्या पिरियडमध्ये आपण किती गोल खाल्ले ते दिसत नाही. (काही जण मुद्दाम चीर देत नाहीत.) मालाचा पुरवठा मधे तुटला होता. ओंटारियोच्या सरकारी दारू दुकानांनी २०२३ मध्ये कागदी पिशव्या बंद केल्या. एप्रिल २०२४ मध्ये प्रांताच्या प्रीमियरनीच, म्हणजे मुख्यमंत्र्यांनीच, मागणी केली आणि त्या परत आणायचं ठरलं. ऐन प्लेऑफच्या तोंडावर. सरकारला जनतेची नाडी कळत नाही असं कोण म्हणतं?

सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी की याच एमएलएसईच्या बाकी सगळ्यांना जिंकता येतं. रॅप्टर्सनी २०१९ मध्ये बास्केटबॉलची एनबीए जिंकली. टोरंटो एफसीनं २०१७ मध्ये फुटबॉलचा चषक आणला. आर्गोनॉट्सनी २०२२ आणि २०२४ मध्ये कॅनेडियन फुटबॉलचा ग्रे कप घेतला. लीफ्सचाच शिकाऊ संघ असलेल्या मार्लीजनी २०१८ मध्ये आपल्या लीगचा काल्डर कप जिंकला. म्हणजे दोष सीईओंचा म्हणावा तर ते बाकीच्या घरांत चांगले चालतात. पैसा ओतून सुटावं तर खेळाडूंच्या पगारावर लीगची कमाल मर्यादा, २०२५-२६ साठी साडेनऊ कोटी अमेरिकी डॉलरच्या किंचित वर. श्रीमंतातला श्रीमंत मालकही त्यापलीकडे एक बदली खेळाडू घेऊ शकत नाही. तो फक्त सीईओ घेऊ शकतो, सीईओंवर मर्यादा नाही. मला वाटतं खरं कारण इथेच आहे.

शेवटचा उपाय म्हणून दरवर्षी कुणीतरी बहिष्काराची हाक देतं: सामना बघणं बंद, आणि रॉजर्सचा फोनही बंद. फोनचा बहिष्कार करण्याआधी नकाशा पाहावा. फायडो आणि चॅटर या स्वस्तातल्या सेवा रॉजर्सच्याच. फ्रीडम मोबाइल २०२३ मध्ये विकली गेली ती क्वेबेकच्या व्हिडिओट्रॉनला, म्हणजे आपला मासिक हप्ता निघाला मॉन्ट्रियलच्या दिशेनं. २०२१ मध्ये प्लेऑफच्या फेरीत ३-१ अशी आघाडी घेऊन आपण ज्यांच्याकडून हरलो ते मॉन्ट्रियल. बरं, बेलकडे जावं, तर मॉन्ट्रियलच्या स्टेडियमचं नाव बेल सेंटर आणि त्या संघातही बेलचा लहानसा हिस्सा. उरलं टेलस. त्यांचं मुख्यालय पार पश्चिमेला, व्हँकूवरमध्ये. तिथल्या हॉकी संघाशी आपलं फारसं वाकडं नाही, म्हणून काही जण मोठ्या समाधानानं नवं सिमकार्ड घालतात. मग कधीतरी रात्री दहाला लीफ्सचा व्हँकूवरमधला सामना लागतो, कॅमेरा बाहेरून स्टेडियम दाखवतो आणि पाटीवर दिव्यांच्या अक्षरांत लिहिलेलं असतं: रॉजर्स अरीना.