एप्सिलॉन भागिले सात

पाचपैकी एक. तोही व्याख्या लिहिल्याबद्दल. पुढच्या सगळ्या उत्तरावरून लाल शाईची एक तिरकी रेघ, आणि समासात एकच शब्द, प्रश्नचिन्हासकट: 'मिन?'

उत्तरपत्रिका कन्येची. बीएस्सीचं पहिलं वर्ष, अंतर्गत परीक्षा. पण त्यातला डेल्टा माझा होता. त्यामुळे राग दोघींनाही आला. तिचा माझ्यावर, माझा सरांवर.

प्रश्न म्हणाल तर नेहमीचाच. एक्सचा वर्ग हे फलन एक्स बरोबर ३ पाशी कंटिन्युअस आहे, म्हणजे एक्स ३ च्या जवळ आणला की उत्तरही ९ च्या जवळ येतं, हे एप्सिलॉन-डेल्टाच्या व्याख्येवरून सिद्ध करा. ज्यांच्या वाट्याला हा प्रकार आला नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगते. समोरचा म्हणतो, मला उत्तर ९ च्या इतकं जवळ हवं, यापेक्षा लांब गेलेलं चालणार नाही. ही त्याची अट म्हणजे एप्सिलॉन. आपण म्हणायचं, ठीक आहे, तू एक्सला ३ पासून इतक्या अंतराच्या आत ठेव, तुझं काम होईल. हे आपलं आश्वासन म्हणजे डेल्टा. त्याची अट कितीही कडक होवो, आपलं आश्वासन तयार पाहिजे. प्रत्येक सिद्धतेची सुरुवात 'एप्सिलॉन दिलेला आहे' अशी होते. कोणी दिलाय ते कुठेच लिहिलेलं नसतं. सापडला तर मला त्या माणसाशी दोन शब्द बोलायचे आहेत.

तर पुस्तकात डेल्टा असा येतो: १ आणि एप्सिलॉन भागिले ७, यांतला जो लहान असेल तो. हेच ते 'मिन', मिनिममचं. आता हा ७ कुठून टपकला? आधी कुणीतरी कच्च्या कागदावर ठरवलं, की डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही. मग एक्स २ आणि ४ च्या मध्ये राहतो, एक्स अधिक ३ हे ७ च्या खाली राहतं, म्हणून ७. पण तो कच्चा कागद पुस्तकवाले छापत नाहीत. उलट्या बाजूनं शोधायचं, सुलट्या बाजूनं लिहायचं आणि मधल्या खाणाखुणा पुसून टाकायच्या, अशी गणितात जुनी रीत आहे. पोरांना वाटतं, ७ हा काहीतरी शुभ आकडा आहे.

मी मुलीला दुसरा डेल्टा दिला होता. ९ अधिक एप्सिलॉन याचं वर्गमूळ, वजा ३. बस्स. एक्स वर्ग वजा ९ म्हणजे एक्स वजा ३ गुणिले एक्स अधिक ३. पहिला अवयव डेल्टाहून लहान, दुसरा डेल्टा अधिक ६ हून लहान. त्यांचा गुणाकार डेल्टाचा वर्ग अधिक ६ डेल्टा याच्या आत, आणि ही बेरीज बरोबर एप्सिलॉन व्हावी असाच डेल्टा निवडलेला. मिन नाही, ७ नाही, जादू नाही. शिवाय एप्सिलॉन १ घेतला तर पुस्तकाचा डेल्टा येतो ०.१४३ आणि माझा ०.१६२. माझा मोठा. याहून मोठा कोणाला काढताच येणार नाही, कारण एक्स तेवढा पुढे गेला की वर्ग नेमका १० ला टेकतो. मी हे जेवणाच्या टेबलावर सिद्ध करून दाखवलं, तेव्हा कन्या म्हणाली होती, "आई, मी तुला विचारलं होतं का?" तरी परीक्षेत तिनं तोच लिहिला. रक्त शेवटी रक्त असतं.

विभागाचं म्हणणं, आक्षेप असेल तर अर्ज द्या, सोबत उत्तराची झेरॉक्स जोडा. कन्येनं साफ नकार दिला. म्हणून रजेचा अर्धा दिवस घालवून मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात.

कोल्हापुरात कुठल्याही कॉलेजसमोर असतं तसंच हे दुकान. दोन मशिनं, एक पंखा, आणि भिंतीला लागून नोट्सचे गठ्ठे, वर विषयांच्या चिठ्ठ्या. गल्ल्यावर पन्नाशीचे एक दादा. त्यांनी माझं पान काचेवर पालथं घातलं, मग परत उचललं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि उत्तर वाचायला लागले. मला वाटलं, शाई फिकट आहे का बघताहेत.

"ताई, ह्यात मिन न्हाई."

"काय?"

"मिन ओ. महिरपी कंस, एक, स्वल्पविराम, एप्सिलॉन भागिले सात. तीनला सात असतंय. ह्या पोरीनं कुठलं तरी वर्गमूळ काढलंय."

मी म्हटलं, तेही बरोबरच आहे.

"असंल की. पण आपल्यात असं नसतंय."

'आपल्यात' म्हणजे कोणात, हे मी विचारलं नाही. त्यांनी मागच्या गठ्ठ्याकडे बोट केलं. तीन प्रोफेसर बदलले, चार मशिनं बदलली, पण सात जागचा हलला नाही, असं त्यांनी मला ऐकवलं. मग एकदम मायेनं विचारलं, "घरात मिस्टर सायन्सचे हाईत काय? त्यांनी सांगितलं असंल हे."

मिस्टर कॉमर्सचे आहेत. त्यांना एप्सिलॉन ही औषधाची गोळी वाटते. एमएस्सी मी केलंय, गणितात, आणि एके काळी बरी होते असं लोक म्हणायचे. सध्या एका पतसंस्थेत कर्जाची प्रकरणं तपासते, जिथे गणित फक्त चक्रवाढ व्याजापुरतं लागतं आणि तेही मशीन करतं. हे सगळं मी दादांना सांगितलं का? सांगितलं. जरा मोठ्यानंच सांगितलं. त्यांनी "बरं, बरं" केलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

एक पोरगा आला होता. "दादा, एप्सिलॉन-डेल्टा द्या."

"कुठलं देऊ? वर्ग, साइन, का वन बाय एक्स?" दादांनी तांबडा की पांढरा विचारावं तशा सुरात विचारलं.

"इम्पॉर्टंट कुठलंय?"

"वर्ग ह्या बारीला येऊन गेलाय. साइन घे. एकच पान हाय. डेल्टा बरोबर एप्सिलॉन लिवायचं, विषय कट."

आता यात चूक काय काढणार? साइन एक्स आणि साइन ए यांच्यातलं अंतर एक्स आणि ए यांच्यातल्या अंतरापेक्षा कधीच जास्त नसतं. त्यामुळे एप्सिलॉन उचलायचा आणि तोच डेल्टा म्हणून परत द्यायचा. दादांना यातलं साइन म्हणजे काय तेही ठाऊक नसावं, पण विधान शंभर टक्के खरं होतं. पोरानं पान घेतलं, न वाचता घडी घातली आणि गेला. त्याला पाचपैकी पाच पडणार, हे मला तिथेच दिसलं.

त्या पोराचा तरी काय दोष म्हणा. अकरावीत त्यांना 'सातत्य' शिकवतात तेव्हा एकच खेळ असतो: फलन कंटिन्युअस असेल तर केची किंमत काढा. दोन्ही बाजूंच्या लिमिट काढायच्या, समान लिहायच्या, के मिळाला, मार्क मिळाले. सीईटीत चार पर्याय, एकावर क्लिक करायचं, दोन मार्क. तिथे सिद्धता लिहायला जागाच नाही. आमच्या वेळी एक सर सांगायचे, पेन न उचलता आलेख काढता आला की फलन कंटिन्युअस. ऐकायला गोड वाटतं. पण एक भागिले एक्स हे फलन आपल्या संपूर्ण प्रांतावर, म्हणजे ज्या ज्या एक्सला त्याची किंमत निघते तिथे सगळीकडे, कंटिन्युअस आहे आणि शून्यापाशी पेन उचलावंच लागतं, कारण तिथे ते फलनच नाही. मी हे तेव्हा सरांना विचारलं होतं. त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. म्हणजे ही आमच्या घराण्यातली पहिली वेळ नव्हे.

इकडे दादांच्या मशिनमध्ये कागद अडकला. ते झाकण उघडून आत हात घालत होते आणि मी भिंतीला टेकून कोशी या फ्रेंच गणितज्ञाचा विचार करत होते. सातत्याची बरीचशी आजची व्याख्या त्यानं १८२१ मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात मांडली. त्याच्याही चार वर्षं आधी प्रागमध्ये बोल्झानो नावाचा एक पाद्री तेच म्हणाला होता, पण त्याचं कोणी ऐकलं नाही, आणि पुढे विद्यापीठातली नोकरीही गेली (गणितामुळे नव्हे, मतांमुळे). तर या कोशीनं त्याच पुस्तकात ठोकून दिलं, की कंटिन्युअस फलनांच्या अभिसारी (म्हणजे जिची बेरीज एका ठरावीक उत्तराकडे जाते अशा) मालिकेची बेरीज कंटिन्युअसच असते. सपशेल चूक. १८२६ मध्ये नॉर्वेच्या आबेल या गणितज्ञानं त्यावर काय लिहावं? एका तळटीपेत, की या प्रमेयाला अपवाद आहेत असं दिसतं. किती ती अदब! चुकीच्या प्रमेयावर तळटीप, आणि इथे बरोबर सिद्धतेवर तिरकी रेघ.

आणि ही एप्सिलॉन-डेल्टाची शिस्त ज्यानं कडक केली तो जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास. बॉनला कायदा शिकायला गेला, बिअर आणि तलवारबाजीत रमला आणि पदवी न घेता परत आला. नंतर आडगावच्या शाळांत वर्षानुवर्षं मास्तरकी केली. गणिताबरोबर मुलांना सुलेखन आणि व्यायामही शिकवायचा. असा माणूस आमच्या कॉलेजात पेपर तपासायला बसला असता तर अक्षराचा एक मार्क तरी नक्की वाढला असता.

"ताई, एक विचारू?" दादा हात पुसत म्हणाले. कागद निघाला होता.

"विचारा."

"वर्गाचं माझ्या ध्यानात आलंय. तीनला सात, दोनला पाच, चारला नऊ. दुप्पट करायचं नि एक मिळवायचा. बरोबर न्हवं?"

मी दचकलेच. बरोबर होतं. ए धन असेल तर २ ए अधिक १, अगदी हेच. हे त्यांनी व्याख्या न वाचता, लिमिट न शिकता, नुसत्या नोट्स छापता छापता शोधलं होतं. त्या इमारतीत समोर किती मुलांना हे ठाऊक असेल? त्यांतली निम्मी तर प्रश्नात २ असला तरी ७ च लिहून येतात, कारण नोट्समधल्या उदाहरणात ३ आहे.

"पण घनाचा मेळ बसंना," ते म्हणाले. "घनाला दोनला एकोणीस असतंय. नि एकला परत सात. हे काय गौडबंगाल हाय?"

मग मी त्यांच्याकडचा बाद झालेला कागद घेतला आणि गल्ल्यावर मांडून दाखवलं. एक्स घन वजा ८ मधून एक्स वजा २ हा अवयव बाहेर काढला की एक्स वर्ग, दोन एक्स आणि ४ यांची बेरीज उरते. एक्स २ च्या आसपास, म्हणजे ३ च्या खाली. तिनाचा वर्ग ९, तीन दुणे ६, दोनाचा वर्ग ४. झाले १९. एकापाशी दोनाचा वर्ग ४, आणि २, आणि १. झाले ७. दादा ओठ हलवत स्वतःशी पुटपुटले, मग म्हणाले, "म्हंजे चाराला... पंचवीस, वीस, सोळा. एकसष्ट!" मागे रांग लागली होती. एक मुलगी हॉल तिकीट हलवत "दादा, लवकर" म्हणत होती. दादांनी तिला ओरडून गप्प केलं, "थांब की जरा, गणित चाललंय!"

एवढ्या वर्षांत मला हे वाक्य कोणी माझ्या बाजूनं ऐकवलं नव्हतं. आमच्या ऑफिसात तर नाहीच, घरी त्याहून नाही.

उत्साहाच्या भरात मी माझा डेल्टाही समजावला. ०.१४३ आणि ०.१६२ असे दोन्ही आकडे लिहून दाखवले. दादांनी मन लावून ऐकलं. पटलं, असंही म्हणाले. मग कागद बाजूला सारून सांगितलं, "ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर हाय. पण पेपर तपासणारा माणूस संध्याकाळी दमलेला असतोय. त्याला सात दिसला की टिक मारायची सवय. तुम्ही त्याला विचार करायला लावलाय. त्याचं मार्क कापलंय त्यानं." आणि झेरॉक्सचे पैसे घेतले. बाद कागदाचेही घेतले.

हेच तर माझं दुखणं आहे. सिद्धता म्हणजे समोरच्याला पटवणं, असं मी समजत आले. इथे सिद्धता म्हणजे ओळख पटवणं झालंय: सात आहे का, मिन आहे का, शेवटी 'सिद्ध झालं'चा चौकोन आहे का. सगळं जागच्या जागी असेल तर आत काय लिहिलंय कोण बघतो? एखाद्यानं मधल्या ओळीत भाजीची यादी लिहिली तरी तीन मार्क पडतील अशी माझी खात्री आहे, आणि कन्येनं तयारी दाखवली तर करून बघायचीही इच्छा आहे. ती दाखवत नाही.

अर्जाचं उत्तर आलं. 'सहानुभूतीपूर्वक विचार करून १ गुण वाढवण्यात येत आहे.' पाचपैकी दोन. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. सिद्धता बरोबर असेल तर पाच द्या, चूक असेल तर चूक कुठल्या ओळीत आहे ते दाखवा. सहानुभूती कशाबद्दल? माझा डेल्टा काय आजारी आहे? पुन्हा अर्ज लिहायला घेतला, तर कन्येनं पेनच काढून घेतलं. सरांना रोज तोंड तिला दाखवायचं असतं, हे तिचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे हे मी नाकारत नाही. फक्त मान्यही करत नाही.

पुढे केव्हातरी तिला युनिफॉर्म कंटिन्युइटी लागणार आहे. त्यात सगळ्या एक्सना मिळून एकच डेल्टा द्यावा लागतो, आणि एक्सचा वर्ग तिथे संपूर्ण संख्यारेषेवर आपटतो. फार सुंदर भाग आहे. पंधरा मिनिटांत समजावता येईल. कन्येनं पुस्तक मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवलंय.