ब्रिटनचे ‘ग्रीन कार्ड’ आणि 85 हजारांची थाप

सध्या आमच्या गावकीच्या मुंबई मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक मजकूर फिरतो आहे. ब्रिटनमध्ये बांधकाम कामगारांचा तुटवडा असल्याने तिथल्या सरकारने ‘सीएससीएस ग्रीन कार्ड’ सक्तीचे केले आहे. ज्याच्याकडे हे कार्ड आहे त्याला कामाचा व्हिसा लागत नाही, पर्यटक म्हणून उतरायचे आणि कार्ड दाखवून कामाला लागायचे. महाराष्ट्राच्या बांधकाम कामगार मंडळाचे ओळखपत्र असल्यास ते परीक्षेविना बदलून मिळते. नवशिक्यांना पाच वर्षांचे लाल कार्ड मिळते. आणि या सगळ्याचे शुल्क अवघे 85 हजार रुपये आहे, असे त्यात म्हटले आहे. एरवी असले मजकूर मी वाचतही नाही. मात्र कांदिवलीत लादी मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकणाऱ्या माझ्या मावसभावाच्या मुलाने या कार्डापायी आईच्या बांगड्या गहाण ठेवण्याची बोलणी सुरू केल्याचे कळले, तेव्हा याचा एकेक मुद्दा तपासणे भाग पडले.

कार्ड अस्तित्वात आहे, हे आधी मान्य करतो, कारण त्या आधारावरच ही थाप पचते. ‘कन्स्ट्रक्शन स्किल्स सर्टिफिकेशन स्कीम’ म्हणजेच सीएससीएस ही योजना ब्रिटनमध्ये 1995 पासून चालू आहे. साइटवर येणाऱ्या माणसाकडे त्याच्या कामापुरते प्रशिक्षण आणि सुरक्षिततेचे ज्ञान आहे, एवढेच ते कार्ड सांगते. बिगाऱ्याला हिरवे, पात्रता मिळवलेल्या कारागिराला निळे, पर्यवेक्षकाला सोनेरी आणि व्यवस्थापकाला काळे, अशी त्याची रंगवार विभागणी आहे. ते कायद्याने सक्तीचे नाही. मोठे ठेकेदार कार्डाशिवाय फाटकातून आत घेत नाहीत, त्यामुळे व्यवहारात ते लागतेच, आणि ‘सक्तीचे’ या शब्दात जे काही तथ्य आहे ते इतकेच आहे.

आता व्हिसाविषयी. संपूर्ण मजकुरातला सर्वांत घातक भाग हाच आहे आणि तोच सर्वांत सहजपणे पुढे पाठवला जातो आहे. हिरवे कार्ड म्हणजे अमेरिकेच्या ग्रीन कार्डासारखा कायम वास्तव्याचा परवाना, असा समज करून देण्यासाठीच हा रंग निवडून पुढे केलेला दिसतो. प्रत्यक्षात ब्रिटनच्या या योजनेतले हिरवे कार्ड म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरच्या मजुराचे कार्ड आहे. त्या देशात कोणाला कामावर ठेवता येईल हे ठरवणारा कायदा 2006 चा आहे आणि त्यानुसार कामगाराचा काम करण्याचा हक्क तपासणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी कोणती कागदपत्रे चालतात, याची यादी ब्रिटिश गृहखात्याने मालकांसाठीच्या मार्गदर्शिकेत दिलेली आहे आणि ती कोणालाही वाचता येते. पासपोर्ट आहे, इमिग्रेशनची ऑनलाइन नोंद आहे, परंतु सीएससीएस कार्ड त्या यादीत कुठेही नाही. तपासणी न करता बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला फेब्रुवारी 2024 पासून पहिल्या वेळी दर कामगारामागे 45,000 पौंडांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास 60,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. एवढी जोखीम पत्करून एखादा ठेकेदार केवळ कार्ड पाहून आपल्या पोराला कामावर घेईल, असे ज्यांना वाटते त्यांनी मुंबईतला एक तरी ठेकेदार जवळून पाहिला आहे का, असा प्रश्न पडतो.

पर्यटक म्हणून गेलेल्याला तिथे नोकरी करता येत नाही आणि तिथेच राहून स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामगारांच्या, व्हिसावर बदलही करून घेता येत नाही. त्या व्हिसासाठी परवानाधारक मालकाने आधी प्रायोजकत्वाचे प्रमाणपत्र द्यावे लागते, ठरलेल्या पातळीचा पगार असावा लागतो आणि व्यवसाय पात्र यादीत असावा लागतो. बिगारीकाम त्या यादीत नाही. 2023 मध्ये गवंडी, सुतार, छप्परकाम करणारे आणि प्लास्टर करणारे यांना तुटवड्याच्या यादीत घेतले होते, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु त्यांनाही प्रायोजक लागतच होता आणि जुलै 2025 पासून नियम आणखी कडक झाले आहेत. परवानाधारक मालकांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करते. त्या यादीत नाव शोधण्याचा प्रश्नच आला नाही, कारण मजकुरात एकाही मालकाचे नाव नाही. पर्यटक व्हिसावर कामाला लागलेला माणूस तिथे गुन्हेगार ठरतो, त्याची कमाई जप्त होऊ शकते आणि पुढची दारेही बंद होतात. आणि पासपोर्टवर हे सगळे लागते ते एजंटाच्या नव्हे, मुलाच्या.

आपल्या बांधकाम कामगार मंडळाच्या ओळखपत्राची अदलाबदल ही तर शुद्ध कल्पनाशक्ती आहे. 1996 च्या केंद्रीय कायद्यानुसार 18 ते 60 वयाच्या आणि मागील बारा महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या कामगाराची ती नोंदणी असते. बांधकाम उपकरातून जमणाऱ्या निधीतून मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघातानंतर मदत मिळावी हा तिचा हेतू असतो. भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे त्यात कोणी तपासत नाही. हिरव्या कार्डासाठी मात्र बांधकामातील आरोग्य व सुरक्षिततेची पहिल्या पातळीची पात्रता लागते आणि शिवाय 45 मिनिटांत 50 प्रश्नांची संगणकीय परीक्षा द्यावी लागते. पूर्वी मालकाच्या शिफारशीवर, निव्वळ अनुभवाच्या जोरावर मिळालेली कार्डे तिथे होती, हे खरे आहे. नव्या अर्जदारांसाठी तो मार्ग केव्हाच बंद झाला आणि उरलेली तसली कार्डेही 31 डिसेंबर 2024 रोजी संपुष्टात आली.

लाल कार्ड प्रशिक्षणार्थींना पाच वर्षांसाठी मिळते हे बरोबर आहे, फक्त त्याआधी तिथल्या मान्यताप्राप्त बांधकाम अभ्यासक्रमाला नाव नोंदवलेले असावे लागते आणि ही पाच वर्षे कार्डाची मुदत आहे, मुक्कामाची नव्हे. वायरमन, क्रेनचालक आणि परांची बांधणारे यांनाही हेच कार्ड चालते, असे मजकुराच्या तळाशी लिहिले आहे; त्यांच्यासाठी अनुक्रमे ईसीएस, सीपीसीएस आणि सीआयएसआरएस अशा स्वतंत्र योजना आहेत.

राहिले 85 हजार. 2025 मध्ये कार्डाचे शुल्क 36 पौंड होते आणि परीक्षेचे 22.50 पौंड, म्हणजे दोन्ही मिळून सात हजार रुपयांच्या घरात. प्रशिक्षणाचा खर्च वेगळा धरला तरी उरलेला आकडा कशाचा आहे, हे मजकूर सांगत नाही. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही आणि त्याची पावती देणे त्याला बंधनकारक आहे. मुलाने माझ्या सांगण्यावरून एजंटाकडे नोंदणी क्रमांक मागितला तेव्हा ‘ती नोंदणी फक्त आखाती देशांसाठी लागते’ असे उत्तर आले. हेही खोटे आहे. एमिग्रेशन क्लिअरन्सची, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जाण्याआधी घ्यायच्या सरकारी परवानगीची, अट ठरावीक देशांपुरती आहे. पण 1983 च्या उत्प्रवासन कायद्याच्या कलम 10 नुसार भरतीचा धंदा करणाऱ्याला नोंदणी प्रमाणपत्र घ्यावेच लागते, मग तो माणसे दुबईला पाठवो की लंडनला. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून पाहता येते, तक्रार मुंबईतल्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात करता येते आणि ज्यांनी ऑनलाइन पैसे आधीच भरले आहेत त्यांनी सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा, कारण खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता तासागणिक कमी होत जाते.